जपान: यादीतलं काय बघावं, काय सोडलं तरी चालेल?

वारजेकर_सायली

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरअखेर जपानला जायचं जवळपास नक्की झालंय. मी, नवरा आणि माझे आईबाबा. विमान-व्हिसा नवऱ्याकडे, 'काय बघायचं' हे खातं माझ्याकडे, आणि मी पार गोंधळलेय. एका टूरवाल्यांचा कार्यक्रम मागवून बघितला तर क्योटोच्या एका दिवसात सहा देवळं! बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा. रील्स बघावीत तर एकूण एक ठिकाण 'चुकवू नका'वालं. आणि ओळखीतले जे जाऊन आलेत ते एवढा खर्च करून आल्यामुळे वाईट काही बोलतच नाहीत.

म्हणून इथे विचारतेय. जाऊन आला असाल तर खरं खरं सांगा, कुठलं ठिकाण फोटोपेक्षा प्रत्यक्षात भारी निघालं आणि कुठलं बघून 'एवढंच होय' असं झालं? बाबांचे गुडघे कुरकुरतात (चालतात भरपूर, पायऱ्या नकोत). आई शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं. आधीचे धागे चाळलेत, त्यात सगळे स्वस्त तिकिटांवरूनच भांडलेत.

टवाळ_टग्या

केकमधलं अंडं चालतं म्हणजे आईंनी अंड्याला सशर्त जामीन दिलाय. असो, पहिला नंबर माझा.

मिहिर७९

क्योटोचं किंकाकुजी सोडा, काही बिघडत नाही. तळ्यापलीकडून ते सोनेरी देऊळ पहिल्यांदा दिसतं तेव्हा दोन मिनिटं खरंच बघत राहावंसं वाटतं, आणि मग कळतं की संपलं. आत जाता येत नाही, रस्ता एकेरी, मागून लोंढा, कठड्याशी जरा रेंगाळलं की मागचा घसा खाकरतो. पाचशे येन त्याचे. शिवाय मूळचं नाहीच ते. १३९७ चं म्हणून सांगतात पण १९५० मध्ये तिथल्याच एका शिकाऊ भिक्षूनं ते पेटवून दिलं, आत्ता दिसतं ते १९५५ साली परत बांधलेलं, आणि सोन्याचा वर्ख तर १९८७ ला नव्यानं चढवलेला. माझ्या आजोबांचं घर त्याहून जुनं आहे.

त्याउलट फुशिमी इनारी. फुकट, चोवीस तास उघडं, क्योटो स्टेशनवरून जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या लोकलनं दुसरं स्टेशन. ते केशरी तोरीई म्हणजे कमानी हजारोंनी आहेत, दहा हजारांच्या आसपास सांगतात. बहुतेकजण पहिल्या गर्दीच्या बोगद्यात फोटो काढून परत फिरतात. वर चढत गेलात की अर्ध्या तासात माणसं विरळ होतात आणि मग खरं काय ते कळतं. चढताना कमानी कोऱ्या दिसतात, मागे वळून बघितलं की प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरात देणगीदाराचं नाव आणि तारीख. कंपन्या, दुकानं, कुणी एकटा माणूस. इनारी हा भाताचा आणि धंद्याचा देव ना. लाकूड कुजतं, कमान काढतात, तिथे नवीन देणगीदाराची उभी राहते. मध्ये एके ठिकाणी तर नुसतीच दोन खांबांची बुडखं जमिनीतून वर आलेली होती, बाजूला नवीन कमानीसाठी खणलेला खड्डा, आणि एक आजोबा शांतपणे त्यातली माती घमेल्यानं काढत होते. तेवढं लक्षात राहिलंय.

राधिका_के

मिहिर७९, 'मूळचं नाही' ही फूटपट्टी जपानला लावलीत तर अर्ध्याहून जास्त देश बाद होईल. लाकडाचं बांधकाम, आगी, भूकंप, युद्ध. इसेचं मोठं देऊळ तर ते स्वतःहून दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवीन बांधतात आणि जुनं उतरवतात, सातव्या शतकापासून. मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. सुतारकाम एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जावं म्हणून वीस वर्षं बरोबर बसतात. मग ते जुनं म्हणायचं का नवीन?

किंकाकुजीला मी सकाळी उघडायच्या वेळी, नऊच्या आधी रांगेत उभी होते. वारा नव्हता, तळ्यात प्रतिबिंब जसंच्या तसं. तळमजला साध्या लाकडाचा आणि वरचे दोन सोन्याचे हे मला फोटोत कधी जाणवलंच नव्हतं, तिथे जाणवलं. पाचशे येन वसूल. दुपारी गेला असाल तर तक्रार दुपारची आहे, देवळाची नाही.

मिहिर७९

दुपारीच गेलो होतो. पण म्हणजे सकाळी सगळीकडे कसं पोचणार? सगळेच 'सकाळी लवकर जा' सांगतात, सकाळ एकच असते.

गडभटक्या

ही शेवटची ओळ फ्रेम करून लावा.

मी किल्ल्यांचं सांगतो, बाकी देवळं मला पाच-सहा झाल्यावर सारखीच दिसायला लागली (राधिकाताई रागावतील). ओसाकाचा किल्ला बाहेरून झकास. आत गेलो तर लिफ्ट! १९३१ साली सिमेंट काँक्रीटमध्ये बांधलेला मनोरा आहे तो, आत आठ मजली म्युझियम. माझा पार मूड गेला. पण खाली येऊन तटबंदी बघा, ती खरी आहे, सतराव्या शतकातली. खंदकातून सरळ वर चढलेली आणि वरती हलकासा बाक घेतलेली. साकुरा दरवाजाच्या आत एक दगड आहे, ताकोइशी म्हणतात, एकच चिरा अंदाजे १०८ टन वजनाचा. ओकायामाकडून समुद्रमार्गे आणलेला. त्याच्यासमोर मी अर्धा तास होतो आणि लोक त्याला टेकून आइस्क्रीम खात होते.

हिमेजी मात्र अस्सल. १६०९ चा मनोरा, युद्धात आजूबाजूचं शहर जळलं तरी हा वाचला. दुरुस्ती २०१५ ला संपली तेव्हा इतका पांढराफेक झाला होता की लोकांनी कुरकुर केली म्हणे. आपल्याकडे किल्ले फिरलेल्या माणसाला तिथे भाषा लगेच कळते. भिंतीतल्या जंग्या म्हणजे मारा करायची भोकं बघा, गोल, तिकोनी, चौकोनी, बाणाच्या वेगळ्या बंदुकीच्या वेगळ्या. वाट अशी वळवलीये की बालेकिल्ला समोर दिसत असतो आणि तुम्ही त्याच्यापासून लांब चाललेले असता, वरून दगड टाकायला खिडक्या. फक्त सायली, आत सहा मजले आणि जिने जवळजवळ शिडीसारखे, तेही चपला हातात घेऊन गुळगुळीत लाकडावर. बाबांना खालच्या अंगणात बसवा, तिथूनही जबरी दिसतो.

चकली_एक्सप्रेस

अवांतर: टोक्योच्या शिबुया क्रॉसिंगचं कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. काय ते कौतुक! संध्याकाळी सहाचं दादर आहे ते, फक्त कुणी धक्का मारत नाही.

निशिकासाईकर

चकली, दादरला सिग्नल लाल झाल्यावर रस्ता रिकामा झालेला बघितलायस का कधी? शिबुयाला तो होतो. बघायचं ते तेच आहे, माणसं नव्हेत.

सायली, मी टोक्योतच राहतो (नावावरून कळलं असेलच, आमच्या निशिकासाईत भारतीय इतके की दुकानात पोहे, कढीपत्ता, कोकम सगळं मिळतं). दरवर्षी पाहुणे येतात आणि मी त्यांना फिरवतो त्यामुळे माझं मत थोडं रखवालदाराचं आहे.

पहिलं म्हणजे तुमची तारीख. नोव्हेंबरचा शेवट म्हणजे क्योटोत लाल पानांचा भर. सुंदर असतंच, वाद नाही, पण चेरीच्या वेळी असते तशीच गर्दी. २०२४ मध्ये जपानात ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले आणि त्यातले निम्मे तुमच्या पुढच्या रांगेत उभे आहेत असं वाटेल. दुसरं, तेव्हा क्योटोत पावणेपाचला सूर्य मावळतो आणि बरीच देवळं साडेचार-पाचला बंद होतात. म्हणजे 'एका दिवसात सहा' हे वेळेच्या हिशोबानंच होत नाही. दोन करा, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. तिसरं, क्योटोच्या बसेसच्या नादी लागू नका, गर्दीचा त्रास इतका झाला की दिवसभराचा बसपास त्यांनी बंदच केला. चौघं आहात तर टॅक्सी घ्या. माणशी भाडं बसपेक्षा थोडंच जास्त पडतं आणि बाबांचे गुडघे वाचतात.

आता फुजीसान, म्हणजे फुजी डोंगर. लोक त्याच्या पायथ्याच्या कावागुचिको तळ्याला एका दुपारसाठी येतात आणि ढग बघून जातात. उन्हाळ्यात तर पत्ताच नसतो डोंगराचा. तुमच्या वेळेला हवा कोरडी असते, सकाळी दिसण्याची शक्यता चांगली. तिथे रात्री मुक्काम करा आणि पहाटे बघा, नाहीतर जाऊच नका. पाच मजली पॅगोडा आणि मागे फुजी हा जो फोटो सगळीकडे असतो त्याला ३९८ पायऱ्या आहेत हे कुणी सांगत नाही. टोक्योहून क्योटोला जाताना शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेन) उजवीकडची ई सीट घ्या, साधारण पाऊण तासात फुजी खिडकीत. फुकटात झालं.

टवाळ_टग्या

ते फुजीसमोरच्या दुकानाला पडदा लावलेला ते खरंय का?

निशिकासाईकर

खरंय. कन्व्हिनियन्स स्टोअरच्या छपरावर फुजी बसल्यासारखा दिसतो म्हणून लोक समोरच्या रस्त्यात उभे राहायचे, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात घुसायचे, कचरा टाकायचे. गावानं वैतागून मे २०२४ मध्ये मोठा काळा जाळीचा पडदा लावला. लोकांनी पडद्याला भोकं पाडली. ऑगस्टमध्ये काढून टाकला.

माई_ठाणे

लोक सगळीकडे सारखेच म्हणायचे!

मी सत्तरीची, मुलाबरोबर गेले होते, मलाही गुडघे आहेत म्हणून सायलीच्या बाबांसाठी लिहिते. टाईपिंगच्या चुका समजून घ्या. क्योटोत सान्जूसान्गेन्दो नावाचं देऊळ आहे, स्टेशनपासून जवळ, सगळं सपाट. एकशेवीस मीटर लांब लाकडी दालन आणि त्यात उभ्या कान्नोनच्या म्हणजे अवलोकितेश्वराच्या हजार मूर्ती, मध्ये एक मोठी बसलेली, मिळून १००१. फोटो काढायला बंदी आहे आणि तेच बरं, सगळे नीट बघत चालतात. १२४९ च्या आगीत जुनं जळलं तेव्हा १२४ मूर्ती वाचवल्या, बाकीच्या नंतर केल्या, प्रत्येकीचा चेहरा वेगळा. पण मला आवडलं ते पुढच्या रांगेत. तिथे अठ्ठावीस रक्षक देवता आहेत आणि पाटी वाचत गेलं की हळूहळू लक्षात येतं की हे सगळे आपल्या ओळखीचे. इंद्र, ब्रह्मा, नारायण. गरुड तर बासरी वाजवतोय, चोच असलेला. मी मुलाला हाक मारून दाखवलं, तो म्हणाला आई हळू बोल.

टूरवाल्यांच्या यादीत हे नसेल बघ.

वारजेकर_सायली

माई, नाहीये! थांबा, लगेच लिहून घेते. गरुड बासरी वाजवतोय हे आईला आत्ताच वाचून दाखवलं, ती म्हणाली हे मला बघायचंय, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

राधिका_के

माईंनी विषय काढलाच आहे तर नारा विसरू नका. तोदाइजीचा महाबुद्ध, पंधरा मीटरचा. ७५२ साली त्याचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. दक्षिण भारतातून निघालेला, चीनमार्गे ७३६ ला जपानला पोचलेला. ब्रशला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळा सगळ्यांनी मिळून रंगवला. हे वाचून गेलात तर ती मूर्ती वेगळी दिसते. देऊळ आत्ताचं १७०९ चं (मिहिर७९, सॉरी, हेही मूळचं नाही). सगळं सपाटच आहे, स्टेशनपासून चालायचं तेवढं.

चकली_एक्सप्रेस

नारा म्हणजे हरणं!!! वाकून नमस्कार करणारी!!!

मिहिर७९

नमस्कार नाही तो, खंडणी आहे. दोनशे येनांची बिस्किटं घेतलीत की तो कागदी पट्टा सोडवेपर्यंत चार हरणं येतात. पहिलं मान खाली-वर करतं, आपण 'अय्या' म्हणतो, तोवर मागचं जॅकेट ओढतं. माझ्या बायकोच्या हातातला नकाशा गेला. ओढाओढी नाही काही नाही, ती बोलत असताना बाजूनं अलगद तोंडात घेतला आणि डोळ्यात डोळे घालून चावत उभं राहिलं. होक्काइडो सोडून सगळा जपान खाल्ला.

माई_ठाणे

प्लास्टिकची पिशवी हातात ठेवू नका गं, ती पण खातात आणि मरतात. तिथे पाट्या लावल्यात.

हिशेबनीस

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. जेआर पास (ठरावीक दिवस रेल्वेनं हवं तेवढं फिरायचा) आंधळेपणानं घेऊ नका. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येन होता, तो एका फटक्यात ५०,००० झाला. टोक्यो-क्योटो शिंकान्सेन एका बाजूनं साधारण १४,००० येन. म्हणजे जाऊन-येऊन २८,०००, पास फिटत नाही. हिरोशिमापर्यंत जाऊन परत टोक्योला येणार असाल तरच कागदावर मांडून बघा. १०० येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरा. टूरवाले 'पास समाविष्ट' असं मोठ्या अक्षरात लिहितात, त्याला भुलू नका.

गडभटक्या

हिरोशिमा यादीत ठेवायचं का, हा खरा प्रश्न आहे. आईबाबांना घेऊन.

अनुजा_म

ठेवा. मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त, पण यावर लिहिते.

तिथल्या अणुबॉम्बच्या म्युझियमचं तिकीट २०० येन आहे. आत गेल्यावर पहिल्या दालनानंतर कुणी बोलत नाही. तिथे एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. शिनइची तेत्सुतानी नावाचा मुलगा, चार वर्षांचाही नव्हता, ६ ऑगस्टला सकाळी घराबाहेर ती चालवत होता. रात्री गेला. वडिलांनी त्याला घराच्या अंगणातच पुरलं, बरोबर सायकलही, की एकट्याला खेळायला काही असावं. चाळीस वर्षांनी, १९८५ ला त्यांनी ती उकरून काढली आणि म्युझियमला दिली. हँडलवर रबर नाही, नुसतं लोखंड. माझा मुलगा तेव्हा तेवढाच होता. बॉम्बच्या झळीनं बँकेच्या दगडी पायरीवर उमटलेली माणसाची सावली पण आहे. मी बाहेर येऊन नदीकाठी बराच वेळ बसले.

'आवडलं' म्हणायची जागा नाही ती. पण हिरोशिमात आम्ही दोन रात्री राहिलो, आणि शहर अगदी हसतं-खेळतं आहे, ट्राम, शाळेची मुलं, ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेलं जाड धिरडं) गाड्यांवर गर्दी. दोन्ही बघितलं पाहिजे. टूरवाले दुपारी आणून संध्याकाळी ओसाकाला नेतात, तसं नका करू. दुसऱ्या दिवशी मियाजिमा बेट करा, फेरी दहा मिनिटांची. फक्त भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा. भरतीला तोरीई पाण्यात उभी दिसते, ओहोटीला चालत तिच्या पायथ्याशी जाता येतं. ती जमिनीत पुरलेली नाहीये, स्वतःच्या वजनावर उभी आहे, जवळ गेल्यावर ते खांब केवढे आहेत ते कळतं. आम्ही थांबून दोन्ही बघितलं.

टवाळ_टग्या

यावर काही बोलत नाही. छान लिहिलंत, लिहीत जा.

पोटोबा

आईंच्या जेवणाचं बघू. जपानात शाकाहारी म्हणून जे वाटतं त्यात दाशी असते, सुक्या माशाचं पाणी. सूपात, सॉसमध्ये, भाजीत, सगळीकडे. 'मांस नाही' सांगितलं तर मासे घालून देतात, त्यांच्या दृष्टीनं मासा वेगळा. आईंना किती चालतं ते आधी ठरवा. कडक असतील तर: मेतकूट, थेपले, चटण्या घरून. कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये शिजलेल्या भाताची पाकिटं मिळतात, बऱ्याच हॉटेलांत मायक्रोवेव्ह असतो. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी गरम दगडांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात, मध लावल्यासारखी गोड, उपवास असला तरी चालेल. आणि प्रत्येक गावात नेपाळी लोकांचं 'इंडियन' हॉटेल आहे जिथला नान ताटाबाहेर लोंबतो.

पण खरी मजा हवी तर कोयासानला एक रात्र. ओसाकाच्या नाम्बावरून रेल्वे, मग केबल कार. आठशे मीटर उंचीवर देवळांचं गाव आहे, ८१६ साली कुकाई नावाच्या बौद्ध भिक्षूनं वसवलेलं. देवळातच राहायचं, भिक्षू वाढतात, संपूर्ण शाकाहारी. तिळाचं तोफू आईंना आवडेलच.

राधिका_के

पोटोबा +१००. आणि कोयासानचं ओकुनोइन! दोन किलोमीटर देवदारासारख्या उंच झाडांतून वाट आणि दोन्हीकडे मिळून दोन लाखांवर थडगी. दगडांवर अक्षरं कोरलेली आहेत ती सिद्धम लिपीतली. आपल्या देवनागरीची लांबची बहीण. जरा डोळे बारीक केले की काही ओळखू येतात, मी 'अ' आणि 'वं'जवळ थबकले होते. शेवटी कुकाईचं स्थान. ते गेले असं तिथे मानत नाहीत, ८३५ पासून समाधीत आहेत आणि भिक्षू रोज दोनदा जेवण घेऊन जातात. आणि त्याच वाटेवर एका कीटकनाशक संघटनेनं मारलेल्या वाळव्यांसाठी बांधलेलं स्मारक पण आहे.

टवाळ_टग्या

वाळवीचं श्राद्ध! आमच्या सोसायटीला कळवतो, आमच्यावर बरंच पाप साठलंय.

निशिकासाईकर

आता माझं राखून ठेवलेलं. टोक्योत असाकुसाचं सेन्सोजी सगळे करतात, तुम्हीही कराल, दिवेलागणीनंतर करा, दुकानं बंद झाल्यावर शटरवरची चित्रं दिसतात. पण तिथून दहा-बारा मिनिटं चालत नदीच्या बाजूला मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन. म्हणजे आपला गणपती. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, कायम बंद. आणि नैवेद्य काय, तर पांढरा मुळा! देवळातच विकत मिळतो. लोक अख्खे मुळे देवासमोर रचून ठेवतात. भिंतींवर, दिव्यांवर सगळीकडे दोन मुळ्यांची जोडी कोरलेली. पाहुणे आले की मी आधी काही सांगत नाही, तिथे नेतो आणि मुळा हातात देतो.

चकली_एक्सप्रेस

मुळा?? बाप्पाला?? आणि मोदक?

राधिका_के

मोदक क्योटोत! गिओनजवळ १६१७ पासूनचं एक मिठाईचं दुकान आहे, तिथे 'सेइजो कांकिदान' मिळतं. हजारएक वर्षांपूर्वी चीनमार्गे आलेला प्रकार. वरती पाकळ्या मुडपलेल्या, आत गोड अझुकीचं (लाल चवळीसारखं कडधान्य) पुरण, त्यात सात प्रकारचे सुगंधी मसाले, तिळाच्या तेलात तळलेला. बघितलं तर आपला तळणीचा मोदक. चावलं तर आधी दात हलतो आणि मग तोंडात देवघराचा वास येतो. मला आवडला, नवऱ्यानं एक चावून ठेवून दिला.

सुभाषभक्त

टोक्योत जाताय तर सुगिनामीचं रेन्कोजी देऊळ का नाही सांगत कुणी? नेताजींच्या अस्थी तिथे आहेत. १९५७ ला नेहरू, २००१ ला वाजपेयी जाऊन आले. अंगणात नेताजींचा अर्धपुतळा आहे.

गडभटक्या

अस्थी 'नेताजींच्या म्हणून जपलेल्या' असं म्हणा.

सुभाषभक्त

म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?

मिहिर७९

झालं सुरू.

धागा_राखण (संपादक)

नेताजींवर वेगळा धागा आहे आणि तो ऑलरेडी कुलूपबंद आहे. इथे जपान पर्यटन. वरचे अकरा प्रतिसाद काढलेत.

वारजेकर_सायली

अकरा?! मी जेवून येईपर्यंत एवढं झालं?

बरं, सगळ्यांचे आभार, आता घरी बसून ठरवलं ते लिहिते, फोडा. टूर कंपनी रद्द. टोक्योत असाकुसा, मुळ्याचा गणपती आणि रेन्कोजीपण (सुभाषभक्त, बाबांना बघायचंय, बाकी वादात मला ओढू नका). कावागुचिको एक रात्र. क्योटोत रोज दोन जागा, सान्जूसान्गेन्दो पहिलं. फुशिमीला बाबा खालच्या कमानींपर्यंत येतील, नवरा आणि मी वर जाऊ. नारा. कोयासान. मग हिरोशिमा दोन रात्री, मियाजिमा. हिमेजी वाटेत उतरून बाहेरून. ओसाका किल्ला, ओसाका शहर, शिबुया सोडलं. किंकाकुजीवर घरात मतदान झालं, दोन-दोन.

मिहिर७९

टाय झाला तर धागाकर्तीचं मत दुप्पट धरा आणि सोडा.

राधिका_के

सकाळी साडेआठला रांगेत. बास.

निशिकासाईकर

कोयासानला थंडी कडक असेल, देवळाच्या खोल्या कागदी दारांच्या, आईबाबांना लोकरीचे मोजे. आणि गिओनच्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, २०२४ पासून बंदी आहे, दहा हजार येन दंडाची पाटीच लावलीये. मुख्य रस्त्यावरून फिरा. गेइको (क्योटोतल्या गेइशा) दिसल्या तर फोटोसाठी मागे धावायचं नाही हे टग्याला सांगतोय.

टवाळ_टग्या

मी कुठे येतोय? न्याल का? बॅगा उचलेन.

वारजेकर_सायली

बॅगांवरून आठवलं. एवढ्या ठिकाणी मोठ्या बॅगा घेऊन फिरायचं कसं? चौघांच्या चार.

हिशेबनीस

घेऊन फिरायचंच नाही. हॉटेलच्या काउंटरवर सांगा, बॅग पुढच्या हॉटेलला कुरियरनं जाते, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते. पैसे बॅगेच्या आकारमानावर. एका रात्रीचे कपडे पाठीवर ठेवा आणि कोयासान, कावागुचिको तसंच करा. शिंकान्सेनमध्ये नेणारच असाल तर लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीच्या वर बॅग गेली की मागची जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते, जादा पैसे नाहीत, पण न राखता नेलीत तर दंड. घरीच टेप लावून मोजा, चाकं धरून.

चकली_एक्सप्रेस

माझी १६८ निघाली. आमचं मार्चमध्ये आहे. वाचनखूण साठवली.